डावीकडची मोकळी जागा

मास्तरांना मी पहिल्यांदा ऐकलं ते इंदापूरच्या एका मंगल कार्यालयाबाहेर, भर उन्हात. लोणी देवकरच्या ज्या कारखान्यात मी मशिनं दुरुस्त करतो, तिथल्याच एका सोबत्याचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला होता आणि पुढं पितळी बँड होता. आमच्याकडं आता सगळे डीजेच लावतात. त्यामुळं पोरं नाचत होती खरी, पण बँडवाल्यांची टिंगलही चालली होती.

बँडच्या कडेला एक म्हातारा ट्रम्पेट घेऊन उभा होता. अंगातला लाल कोट विटून विटकरीच्या रंगावर आलेला, डोक्याला ओला रुमाल. त्याच्या डाव्या हाताला एक माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी होती. बाकीचे वाजवणारे एकमेकांना खेटून चालले होते, पण त्या जागेत कुणी शिरत नव्हतं.

सगळ्यांच्या तोंडी असलेलं लग्नाचं गाणं त्यानं सुरू केलं. थोडा वेळ सरळ वाजवलं. मग ट्रम्पेट त्या गाण्याची वाट सोडून भलतीकडंच निघालं. ढोलवाल्यांनी ठेका हळू केला, क्लॅरनेटवाल्यानं वाद्य खाली घेतलं. तो सूर कसा होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. लांबून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय आणि आपण घरातच नाही, असं काहीतरी वाटलं. नाचणारी पोरं थांबली. घोडासुद्धा कान टवकारून उभा राहिला.

आणि ऐन भरात म्हातारा थांबला. ट्रम्पेट ओठांपासून बोटभर लांब धरलं आणि मान किंचित डावीकडं कलती केली. ठेका चालूच होता. तो तेवढाच वेळ गप्प राहिला जेवढा वेळ आधीचा तुकडा वाजवत होता, आणि मग पुन्हा सुरू झाला. पण जिथं सोडलं होतं तिथून नाही. मधे कुणीतरी काहीतरी बोललं होतं आणि हा त्याला उत्तर देत होता, असं.

माझ्या शेजारी, लिंबाच्या सावलीत, धोतर-टोपीतले एक वयस्कर गृहस्थ डोळे मिटून उभे होते. डोळे न उघडताच ते मला म्हणाले, "ऐकलं का, पाव्हणं?"

"काय?"

"मधलं."

"मधे तर ते थांबले होते."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "पयल्यांदा न्हाय येत ऐकू," ते म्हणाले. "ऱ्हावा हितंच. अजून दोनदा थांबंल."

त्यांच्यापलीकडं एक काळीसावळी, जाडजूड बाई पदरानं घाम टिपत उभी होती. ती नुसती हसली. लग्न ना तिच्या घरचं होतं ना त्यांच्या. दोघं निव्वळ मास्तरांना ऐकायला आले होते.

अशी माझी त्या दोघांशी ओळख झाली. त्या गृहस्थांना मी तात्या म्हणू लागलो. भिगवणच्या अलीकडं त्यांचा ऊस होता. ऊस कारखान्याला गेला की दुसऱ्या दिवसापासून ते मोटारसायकलवर लग्नं धुंडायला मोकळे. बाई भिगवणच्या बाजारात मासळी विकायची. तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो. मास्तरांचा बँड कुठं वाजणार हे मावशीला सगळ्यात आधी कळायचं, कारण तिच्याकडं गावोगावची माणसं चिलापी घ्यायला यायची. ती तात्यांना सांगायची, तात्या मला फोन करायचे. "बारामती, दुपारी, हाळद लागल्यावर," एवढंच बोलून ठेवून द्यायचे.

मी का जायला लागलो? घरी पिंपळीला बायको विचारायची, तिला मी सांगायचो, की बरं वाजवतात. ते खोटं नव्हतं. मास्तर एकच गाणं दोनदा सारखं वाजवत नसत. आम्ही तिघं परत येताना वाटेत चहाला थांबायचो आणि भांडायचो. तात्या म्हणायचे, इंदापूरला जे वाजवलं तसं पुन्हा होणं नाही. मावशीचं मत वेगळं. बारामतीला एका लग्नात नवरीची गाडी निघताना मास्तरांनी एकच सूर लांबवला होता आणि हळूहळू बारीक करत नेला होता, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. तिच्या मते त्याच्यावर काही नाही. "पोरगी गेल्यावर आईच्या गळ्यात आवंढा येतो बघा," ती म्हणाली होती, "त्यो आवंढा वाजवला त्यानं."

त्यांच्या बोलण्यात 'मधलं' पुन्हा पुन्हा यायचं. आज मधलं खालच्या सुरात होतं. आज मधल्यानं मास्तरांना कोड्यात टाकलं. मला ऐकू येत होता तो फक्त ढोलाचा ठेका आणि त्याच्यावर पसरलेली शांतता. कधीकधी वाटायचं, दोघं मिळून माझी मजा करतायत. पण तात्या मजा करणाऱ्यांतले नव्हते.

एकदा मी मास्तरांनाच गाठलं. जेवणावळ चालली होती, बँडवाले मांडवामागं सावलीला टेकले होते. मास्तर ट्रम्पेट मांडीवर घेऊन धोतराच्या फडक्यानं पुसत होते. मी चहाचा कप पुढं केला आणि विचारलं, "मास्तर, हे असलं वाजवायला कुठं शिकलात?"

"मुंबईत. हाटेलात." ते जुजबी बोलायचे. "जॅझ म्हन्त्यात त्याला."

"जॅझ म्हणजे नेमकं काय?"

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "शेजारचा काय वाजवतोय ते ऐकायचं, आन् मग आपलं बोलायचं. लावणीत सवाल-जबाब असत्यात का न्हाय? तसं. माझ्या डाव्या अंगाला एक जण हुबा ऱ्हायचा. गोव्याकडचा. त्यानंच शिकवलं मला. चार आवर्तनं त्याची, चार माझी. रोज संध्याकाळी. लय वर्सं."

"मग?"

"मग एक दिवस आला न्हाय. आमी खोलीवर गेलो उठवायला. झोपेतच ग्यालेला." त्यांनी चहा संपवला, कप उलटा करून झटकला. "दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हनला, एकटा वाजीव. वाजिवलं. चार आवर्तनं झाली आन् सवयीनं थांबलो. थांबल्यावर ध्येनात आलं, की आता हितं कोन हाय? तवर जबाब आला."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठून आला?"

मास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी शिकलेला माणूस असून मला साधी दिशा माहीत नाही. मग डाव्या हाताची मूठ सोडून त्यांनी तळवा बाजूच्या रिकाम्या सतरंजीवर ठेवला. तेवढ्यात साईड ड्रमवाला ताट घेऊन आला. तो बसायला जागा बघत होता. त्या रिकाम्या जागेला वळसा घालून तो पलीकडं जाऊन बसला.

माझ्या फोनमध्ये मास्तरांचं पुष्कळ वाजवणं भरलेलं होतं. एका रविवारी दुपारी मी ओसरीवर ते लावून बसलो होतो. बायको उंबऱ्याशी मेथी निवडत होती. तिनं मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं, लग्नांना ती माझ्याबरोबर कधी आली नव्हती. मास्तर थांबले, फोनमधून नुसता ठेका यायला लागला. आणि तिनं गुणगुणायला सुरुवात केली.

साधं गुणगुणणं नव्हतं ते. आमच्याकडच्या कुठल्याच गाण्याची चाल नव्हती. सूर वर जाऊन मधेच मोडायचा आणि खाली भलत्याच जागी उतरायचा. ठेका फिरून समेवर आला तशी ती गप्प झाली आणि मास्तर सुरू झाले. ती जिथं थांबली होती, तिथूनच.

"काय म्हणत होतीस?" मी विचारलं.

"कधी?"

"आत्ता. गुणगुणत होतीस ते."

"मी?" तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, मी तर केव्हाची गप्प बसलेय."

मी मागं नेऊन तोच तुकडा पुन्हा लावला. ती पुन्हा गुणगुणली. डोळे भाजीवर, बोटं पानं खुडतायत, ओठ जेमतेम हललेले. तिला सांगावं असं मनात आलं, पण तिच्या गळ्याकडं बघून माझं धाडस झालं नाही. फोन बंद केला आणि गोठ्याकडं निघून गेलो. त्यानंतर मी घरात ते कधी लावलं नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तात्या गेले. सकाळी शेतात पाणी धरायला म्हणून गेले आणि बांधावर बसल्या बसल्याच गेले. आपल्यामागं मास्तरांचा बँड बोलवायचा, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं होतं. भावकीतल्या दोघाचौघांनी कुरकुर केली, पण मुलानं ऐकलं नाही.

दुपार कलायच्या आधी अंत्ययात्रा निघाली. गावाचं स्मशान उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. पाणी खूप मागं हटलं होतं, भेगाळलेला गाळ दूरवर पसरला होता आणि त्याच्या पार टोकाला पाण्याची चकाकती रेघ दिसत होती. वारा अजिबात नव्हता. मास्तर तिरडीच्या मागं चालत भजनाची चाल वाजवत होते. कुठं वाकडी वाट धरली नाही, कुठं थांबले नाहीत. मला वाटलं, आज ते तसलं काही वाजवणार नाहीत. बरं वाटलं.

चिता पेटल्यावर माणसं मागं सरकली. मास्तर पाण्याकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी ट्रम्पेट उचललं. ढोल नव्हता, काही नव्हतं. चार आवर्तनं वाजवली आणि थांबले.

आणि मला ऐकू आलं.

आवाज ट्रम्पेटचाच होता, पण मास्तरांच्या ट्रम्पेटसारखा धारदार नव्हता. घोंगडीत तोंड घालून कुणी वाजवावं तसा दबका. लांबून आला नाही, गाळावरून आला नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या थोडा मागून आला. मी वळून पाहिलं नाही. वळायचं ठरवलं तरी मान वळली नसती. सूर वर गेला, मोडला, खाली उतरला. बायकोनं उंबऱ्यात बसून गुणगुणला होता, तोच.

मास्तरांनी चार आवर्तनांनंतर ट्रम्पेट ओठांना लावलं, पण वाजवलं नाही. कारण मधलं थांबलं नव्हतं. आता त्याच्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं. सूर नव्हता तो, सुराची जाण नसलेल्या माणसाचा घोगरा हुंकार होता. तात्या मोटारसायकल चालवताना असंच काहीतरी गुणगुणायचे, लग्नांना जाताना मागं बसून मी कितीदा तरी ऐकलं होतं. मास्तरांनी डावीकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एक पाऊल उजवीकडं सरकून घेतलं. बसमध्ये कुणी नवं माणूस चढलं की आपण सरकतो, अगदी तसं.

मावशी माझ्याशेजारी होती. तिचा हात थंडगार पडला होता, एवढ्या उन्हात. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि पुटपुटली, "आज दोगं हायत."

बाकी कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. तात्यांचा मुलगा नंतर म्हणाला, मास्तरांचं वय झालं, मधेच विसरले बहुतेक.

मी त्या दिवशी घरी येऊन आंघोळ केली, जेवलो, झोपलोसुद्धा. भीती वाटायला लागली ती दुसऱ्या दिवशी कामावर. कॉम्प्रेसर बंद पडला की कारखान्यात एकदम सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत माझा डावा खांदा आपोआप आखडायला लागला. आठवडाभर मी तिथं एकटा थांबायचं टाळलं. मावशीला फोन करून म्हणालो, "मी आता नाही यायचो." ती म्हणाली, "नगा येऊ. पर तितं नुसतं उभं ऱ्हाऊन आपलं काय वाईट झालंय का आजवर? सांगा." पुढच्या लग्नाला मी गेलो.

पण फार दिवस ते चालायचं नव्हतं. मास्तरांचे वरचे पुढचे दात हलायला लागले होते, ते पडले. ट्रम्पेट वाजवायला ओठांना मागून दातांचा आधार लागतो. त्यांनी कवळी बसवून घेतली आणि बारामतीच्या एका लग्नात उभे राहिले. ट्रम्पेट ओठांना लावलं, गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि नळीतून नुसता वारा बाहेर पडला. पुन्हा फुंकलं, पुन्हा वारा. क्लॅरनेटवाल्यानं प्रसंग ओळखून गाणं उचललं. मास्तर ट्रम्पेट छातीशी धरून मिरवणुकीबरोबर चालत राहिले. कुणाला वाटलं असेल, म्हातारा दम खातोय. मावशी रडत होती. मी मात्र त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ते ऐकत होते. लग्न लागेपर्यंत, सबंध वाटभर, मान डावीकडं झुकवून ऐकत होते.

त्यानंतर ते बँडमध्ये गेले नाहीत. भिगवणच्या पलीकडच्या त्यांच्या घरी मी आणि मावशी अधूनमधून जायचो. मावशी ताजी मासळी न्यायची, मी वांगी-टोमॅटो. मास्तर अंगणात बाजेवर बसलेले असायचे. एकदा मी विचारलं, "वाजवावंसं नाही वाटत?"

"माझी पाळी झाली," ते म्हणाले. "आता त्याची चालू हाय."

"किती वेळ?"

"ते त्यानं ठरवायचं."

त्यांच्या सुनेनं एके दिवशी मला चुलीपाशी बोलावून घेतलं. शांत, कष्टाळू बाई. "दादा, तुमी आला की दोन शबूद तरी बोलत्यात," ती म्हणाली. "एरवी दिसभर नुसतं ऐकत बसत्यात. हाका मारल्या तरी वळून बगत न्हायत. मी टीव्ही मोठ्यानं लावते, मला भ्या वाटतं म्हनून. हे दुखनं हाय का काय हाय, एकदा डाक्टरला तरी दाखवा."

तिचं म्हणणं रास्त होतं. एका शनिवारी मी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली आणि मास्तरांना बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मावशीही आली. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं मास्तरांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. मग मला आत बोलावून म्हणाला, "उजवा कान वयाच्या मानानं चांगला आहे. डावा पूर्ण गेलाय. आजचा नाही, कित्येक वर्षांचा. बहुतेक तरुणपणीच. घरात कुणाला कळलं कसं नाही?"

मी म्हणालो, "पण त्यांना त्या बाजूनं ऐकू येतं."

"होतं असं," तो म्हणाला. "कान गेला की डोकं गप्प बसत नाही, स्वतःचंच काहीतरी ऐकवत राहतं. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला गाणं. घाबरायचं कारण नाही."

त्याचं बोलणं मला पटलं. खरंच पटलं. फक्त माझे दोन्ही कान धड होते, मावशीचेही धड होते आणि माझ्या बायकोचेही. ते त्याला विचारावं असं जिभेवर आलं. मग वाटलं, त्यानं काहीही उत्तर दिलं तरी आपल्याला ते घरी घेऊन जावं लागेल. विचारलं नाही.

परत येताना मास्तर पुढं माझ्या शेजारी बसले होते, मावशी मागं. गाव सुटल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

मी जसं होतं तसं सांगितलं. डावा कान गेलाय, जुनाच गेलाय.

मास्तर हसले. कवळी काढलेली होती, त्यामुळं हसणं सगळं तोंडभर झालं. "म्हंजी त्या कानानं दुसरं कायबी ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "बरंच झालं की."

पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी मोठ्यानं लावलेली, हॉर्न चाललेले. मास्तरांनी उजवा हात उचलला आणि तळव्यानं उजवा कान, चांगला कान, घट्ट झाकून घेतला. मग खिडकीला डोकं टेकलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी मंगल कार्यालयाबाहेर पहिल्या दिवशी तात्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, लिंबाखाली. वाजवणारा माणूस आता ऐकणारा झाला होता. आमच्यासारखाच.

"मास्तर," मी जरा मोठ्यानं विचारलं, "कसं वाजवतोय?"

त्यांना ऐकू गेलं नाही. उत्तर मागून आलं.

"लय सुंदर," मावशी म्हणाली.

मी आरशात पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकून घेतले होते आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझे हात स्टिअरिंगवर होते. ते मी तिथंच ठेवले, भिगवण येईपर्यंत.